झोल

अय्याजभाईची भट्टी दुपारी दोनला रिकामी होते.
टोस्ट, खारी, नानकटाई घाटंजीच्या गाडीत चढली
की तिच्या पोटात उरते
पऱ्हाट्यांची राख
आणि कुणालाच न विकलेली ऊब.
तीच मी मागितली, एका संध्याकाळपुरती.

"मटन टाकतं का आत? टोस्टाले वास लागते ना पोरी."
मग थांबून विचारलं, कोणासाठी.
उईके लाइनमनसाठी, म्हटलं.
त्यानं न बोलता लांब फावड्यानं
निखारे मागे सारले.

तीन वर्षं मी हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये
दिवसाला सहाशे सँडविच भरले,
हातमोजे घालून, कोण खाणार ते न बघता.
इथे पाव एकशे वीस
आणि तोंडं सगळी पाठ.
फुलाबाईला दात नाहीत, तिचा खिमा दोनदा घोटला.
शेंडे गुरुजींचा गुरुवार,
त्यांच्या पावात नुसती ढोबळी मिरची नि सांभार.
बाकी सगळ्यात सावजी मसाला, तेल कडेला सुटेस्तोवर
परतलेला. दगडफूल मी मोजून टाकलं, मिरे मोजले नाहीत.

चीज यवतमाळहून कुल्फीच्या पेटीत आलं.
सिस्टरनं लसीचा डबा दिला नाही.
बरोबरच केलं.
मे संपत होता, पंचेचाळीसच्या खाली पारा उतरत नव्हता,
वडीचे कोपरे गोल होऊन पोचले.
"साबण हाय का व माय हा?" म्हणत
फुलाबाईनंच ते किसलं,
बोटं चाटली, काही बोलली नाही,
पुन्हा चाटली.

फॉइल सत्तराव्या पावाला संपलं.
पोट्टे नाल्याकडे पळाले,
ओंजळी भरून पळसाची पानं घेऊन आले.
पन्नास पाव पानांत गुंडाळले, काडीनं टाचले,
आणि भट्टीच्या तोंडाशी उकिडवी बसून
मी आतल्या चुरचुरीला कान लावला.
पान आधी घाम सोडतं, मग काळं पडतं,
मग चीज शिवणीतून बाहेर डोकावतं.
तेव्हा काढायचं.
कॅन्टीनच्या ओव्हनला घंटी होती.

तेहतीस वर्षांत उईकेनं
निम्म्या गावाचे आकडे काढले,
वायरी गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधून नेल्या.
त्याच निम्म्या गावानं आज वर्गणी दिली.
आमचाही आकडा होता.
माझ्या दहावीच्या वर्षी, मार्चात,
तो आमच्या दारच्या पोलवर चढला.
खाली बल्बाखाली उघडं पुस्तक
त्याला दिसलं असेल, नसेल.
उतरला आणि पाणी मागितलं.
एक तांब्या. मग आणखी एक.
मग गेला.
आकडा तारेवर तसाच.

शाळेच्या पटांगणात हातगाडीवरून ट्रे आले.
सरपंचानं चांदीसारखा चमकणारा पुढे केला,
उईकेनं पानातला उचलला.
दोन बोटांनी पान सोललं, फुंकर मारली,
मोठा घास घेतला
आणि पाव तोंडापासून लांब नेला.
चीजची तार निघाली, हातभर,
ओठापासून मुठीपर्यंत,
मधोमध खाली वाकलेली.
भाषण देणारा थांबला.
एक डोळा मिटून उईके त्या तारेकडे पाहत राहिला,
दोन पोलांमधलं अंतर पाहावं तसा.

"झोल लय हाय," म्हणाला. "ताणा लागते."

आणि खाऊन टाकली.
मग हसणं, मग शिट्ट्या,
मग ट्रेवर झडप. पळसाची जळकी पानं
पोट्ट्यांनी चाटून पुसून पायाशी टाकली.
त्यानं दुसरा पाव मागितला. मग पाणी.
तांब्या मीच नेला.

रात्री त्याच भट्टीत अय्याजभाईनं टोस्ट लावले.
सकाळी गावभर चहात बुडालेल्या टोस्टाला
लसणाचा, मिऱ्यांचा वास.
कुणी परत केले नाहीत.
शेंडे गुरुजी स्वतः दुकानावर आले,
एक तुकडा हुंगला,
अर्धा किलो घेतले.
गुरुवार संपला होता.